सीकॅपवर नाव सापडलं, आता पुढे काय? विस्कॉन्सिनच्या ग्रामीण काउंटीत फौजदारी नोंदी शोधताना

नवरा डॉक्टर. त्याच्या जे-१ वेव्हरच्या नोकरीमुळे (जे-१ व्हिसावर शिकलेल्या डॉक्टरला दोन वर्षं मायदेशी परतण्याच्या अटीतून मिळणारी सूट म्हणजे हा वेव्हर) आम्ही अमेरिकेतल्या उत्तर विस्कॉन्सिनमधल्या एका लहानशा गावात येऊन पडलो. एक सिग्नल, चार बार, दोन चर्च आणि एक रुग्णालय. मुलगी तेव्हा दोन वर्षांची. तिला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. शेजारच्या आजींनी ओळखीतल्या एक बाई सुचवल्या आणि कुंपणावरूनच म्हणाल्या, ‘‘पण आधी सीकॅप करून घे.’’ मला वाटलं, एखादी लस असेल.

सीकॅप म्हणजे राज्याच्या न्यायालयांची संगणक यंत्रणा. तिच्या साइटवर कुणाचंही नाव टाकलं की त्या माणसाचे खटले फुकटात दिसतात. साइटचं अधिकृत नाव ‘विस्कॉन्सिन सर्किट कोर्ट अ‍ॅक्सेस’, पण इथे सगळे सीकॅपच म्हणतात आणि त्याचं क्रियापदही करून टाकतात. त्या रात्री मी बाईंचं नाव टाकलं. सात नोंदी! झोप उडाली. पुढच्या आठ दिवसांत उलगडत गेलं ते असं: त्यातल्या तीन नोंदी त्याच नावाच्या दुसऱ्या बाईच्या, एक घटस्फोटाची, एक सीटबेल्ट न लावल्याची, एक स्नोमोबिलची नोंदणी न केल्याची. सातवी खरोखर फौजदारी होती, पण त्यातला आरोप आदल्याच वर्षी फेटाळला गेला होता. त्याच बाईंनी पुढे तीन वर्षं माझी मुलगी सांभाळली.

मला आठ दिवस लागले, तुम्हाला एका दुपारपेक्षा जास्त लागू नयेत म्हणून हे लिहितेय. कॉनरॅड-३० योजनेत दरवर्षी प्रत्येक राज्याला तीस डॉक्टरांना वेव्हर देता येतो. त्या बदल्यात डॉक्टरला तीन वर्षं अशा कमी सोयीच्या भागात काम करावं लागतं. त्यामुळे मराठी कुटुंबं पार आडगावांत जाऊन पोहोचतात. तिथे मंडळ नाही, विचारायला ‘आपलं’ माणूस नाही. घर भाड्याने देणं, मूल सांभाळायला बाई ठेवणं, कुणाकडून शेत किंवा गाडी घेणं किंवा ग्रीन कार्डासाठी स्वतःचाच जुना कागद काढणं, यांपैकी काही ना काही वाट्याला येतंच.

हे सगळं विस्कॉन्सिनचं आहे. दुसऱ्या राज्यात साइट, शुल्क, नियम सगळं बदलतं. मिनेसोटात राज्याची फुकट साइट आहे. मिशिगनमध्ये राज्य पोलिसांचा ‘आयचॅट’ शोध दर नावाला १० डॉलर घेतो. इलिनॉयमध्ये तर सगळ्या काउंट्यांची (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) मिळून एक अशी साइटच नाही, काउंटीगणिक वेगळी दारं ठोठवायची. कुठलं दप्तर कुठे असतं, हा भाग मात्र थोड्याफार फरकाने सगळीकडे उपयोगी पडेल.

हाताशी काय ठेवाल

– माणसाचं पूर्ण नाव, मधल्या नावासकट. निदान मधल्या नावाचं आद्याक्षर तरी.
– जन्मतारीख. ती नसेल तर अंदाजे वय.
– आधी कुठे कुठे राहिले त्या गावांची यादी.
– वही-पेन. केस नंबर लिहून घेतल्याशिवाय पान बंद करायचं नाही.
– कोर्टात जाणार असाल तर सुटे पैसे किंवा चेकबुक. कार्ड चालतं तिथे बहुधा वर सेवाशुल्क लावतात.
– स्वतःची प्रत टपालाने मागवायची असेल तर आपला पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट.

ओळखपत्र या यादीत मुद्दामच घातलेलं नाही. विस्कॉन्सिनच्या खुल्या नोंदींच्या कायद्यानुसार मागणाऱ्याने आपलं नाव किंवा कारण सांगितलं नाही, एवढ्यावरून सहसा नकार देता येत नाही. आपल्याकडच्या तहसील कचेरीतल्या ‘कशाला हवंय?’ची सवय असेल तर हे पचायला वेळ लागतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आपणहून कारण सांगायला लागले. खिडकीतल्या बाईंनी मला मधेच थांबवलं आणि फक्त केस नंबर विचारला.

१. आधी काउंटी नक्की करा

टपालाच्या पत्त्यावर काउंटी नसते आणि गावावरून ती ओळखायला गेलात तर फसाल. मार्शफील्ड हे गाव वुड आणि मॅरेथॉन अशा दोन काउंट्यांत पसरलेलं आहे. विस्कॉन्सिन डेल्स हे पर्यटनाचं गाव तर चार काउंट्यांत आहे: कोलंबिया, सॉक, अ‍ॅडम्स आणि जुनो. म्हणजे रस्ता ओलांडला की शेरीफ बदलला, कोर्ट बदललं.

त्याहून गमतीशीर सापळा नावांचा. विस्कॉन्सिनमध्ये आयर्न काउंटी आहे, तिचं मुख्य गाव हर्ली. राज्याची हद्द ओलांडली की मिशिगनमध्येही आयर्न काउंटी आहे, तिचं मुख्य गाव क्रिस्टल फॉल्स. मेनॉमिनी काउंटीही दोन्ही राज्यांत आहे. कुणी नुसतं ‘आयर्न काउंटीत केस झाली होती’ म्हणालं तर ‘कुठली?’ हे विचारायलाच हवं. हर्लीहून नदी ओलांडली की समोर मिशिगनमधलं आयर्नवुड. लोक राहतात इकडे, कामाला जातात तिकडे, पितात दोन्हीकडे. सीकॅपला राज्याच्या हद्दीपलीकडचं काही दिसत नाही.

विस्कॉन्सिनमध्ये काउंट्या ७२ आहेत, पण न्यायालयाच्या दृष्टीने तीन जोड्या एकत्र आहेत: बफेलो-पेपिन, फ्लॉरेन्स-फॉरेस्ट आणि शॉनो-मेनॉमिनी. मेनॉमिनीची गोष्ट वेगळीच आहे, ती आठव्या पायरीत.

२. खऱ्या साइटवरच नाव टाका

गूगलवर माणसाचं नाव आणि ‘क्रिमिनल रेकॉर्ड’ असं शोधलंत की पहिल्या पानावर खासगी साइटींचा बाजार दिसतो. नाव टाकताच एक पट्टी सरकायला लागते, ‘अटकेच्या नोंदी तपासत आहोत’, लाल अक्षरांत ‘१४ नोंदी सापडल्या’, आणि मग कार्ड नंबर मागतात. त्या चौदांत फोन नंबर, जुने पत्ते, नातेवाईक सगळं मोजलेलं असतं. महिन्याची वर्गणी सुरू होते ती बंद करणं हा आणखी एक उद्योग. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह’ नसेल तर आत जाऊ नका.

खऱ्या साइटवर आडनाव, नाव आणि काउंटी भरा. पहिल्या खेपेला काउंटीची चौकट रिकामी सोडलेली बरी, म्हणजे अख्ख्या राज्यात शोध होतो. नोंदी फार आल्या तर मग काउंटी, जन्मतारीख घालून चाळणी लावा. स्पेलिंगबद्दल संशय असेल तर निरनिराळी टाकून बघा. इकडे जर्मन आणि स्कँडिनेव्हियन आडनावांचा सुळसुळाट आहे. ओल्सनच्या शेवटी ‘ओएन’ की ‘ईएन’, श्मिटमध्ये ‘टी’ की ‘डीटी’, यात निम्मा शोध वाया जातो. लग्नाआधीचं आडनावही टाकायला विसरू नका.

३. केस नंबर वाचायला शिका

या पायरीवर थोडं थांबा, कारण घाबरगुंडी इथेच उडते आणि इथेच आवरते.

केस नंबर तीन तुकड्यांचा असतो: वर्ष, दोन अक्षरं आणि क्रमांक. समजा, २०१९-सीएफ-००००४२. महत्त्वाची ती मधली दोन अक्षरं.

‘सीएफ’ म्हणजे फेलनी, गंभीर गुन्हा. ‘सीएम’ म्हणजे मिस्डिमीनर, त्याहून हलका, पण गुन्हाच. ‘सीटी’ म्हणजे वाहतुकीशी संबंधित फौजदारी गुन्हा. या तिघांपुढे थांबायचं.

‘टीआर’ म्हणजे साधा वाहतुकीचा दंड. ‘एफओ’ म्हणजे फॉर्फिचर, नुसता दंड. परवान्याशिवाय मासेमारी, शिकारीचे नियम मोडणं, कुत्रा मोकाट सोडणं, असलं सगळं यात येतं. विस्कॉन्सिनच्या कायद्यात ज्या कृत्याला फक्त फॉर्फिचर आहे तो गुन्हाच नव्हे. उत्तरेकडच्या काउंटीत जन्म काढलेल्या माणसाच्या नावावर एकही ‘एफओ’ नसेल तर मला उलट नवल वाटतं.

‘एससी’ म्हणजे लहान रकमेचे दावे, घर खाली करून घेण्याच्या केसेस यातच येतात. ‘एफए’ कौटुंबिक, ‘सीव्ही’ दिवाणी, ‘पीआर’ वारसाहक्क. यांचा गुन्ह्याशी संबंध नाही, पण ‘सीव्ही’वर एक नजर टाका. कुणाच्या त्रासाविरुद्ध किंवा मारहाणीविरुद्ध कोर्टाने ‘जवळ जायचं नाही’ असा मनाईहुकूम दिला असेल तर तो ‘सीव्ही’त सापडतो. फक्त फौजदारी केसेस बघणाऱ्याच्या हातून तो निसटतो. मूल सांभाळायला कुणाला ठेवताना मला तरी हा कागद जुन्या सीटबेल्टपेक्षा शंभरपट महत्त्वाचा वाटतो.

आता एक मोठा सापळा. केस नंबर एकदा पडला की बदलत नाही. सरकारी वकिलाने फेलनी म्हणून केस दाखल केली, पुढे तडजोडीत आरोप हलका झाला आणि शेवटी गोंधळ घातल्याचा दंड भरून माणूस सुटला, तरी नंबरात ‘सीएफ’ कायम राहतं. म्हणून ‘सीएफ दिसलं, म्हणजे फेलनीवाला’ असं समजू नका. आत जा.

४. निकालाची ओळ शोधा

केस उघडली की आरोपांचा तक्ता दिसतो: कलम, वर्णन, तीव्रता आणि निकाल. वर्णन वाचून छाती धडधडते, पण वाचायचे ते शेवटचे दोन रकाने. तीव्रतेच्या रकान्यात फेलनीला ‘ए’ ते ‘आय’ आणि मिस्डिमीनरला ‘ए’ ते ‘सी’ अशा श्रेणी असतात. तिथे ‘फॉर्फ’ असं लिहिलेलं असेल तर तो दंडाचा मामला.

निकालाच्या रकान्यातले हे शब्द ओळखीचे करून घ्या:

‘गिल्टी ड्यू टू गिल्टी प्ली’ म्हणजे गुन्हा कबूल, दोषी.

‘गिल्टी ड्यू टू नो कॉन्टेस्ट प्ली’ म्हणजे ‘मी कबूलही करत नाही आणि लढतही नाही’. हे वाचून आपल्याला वाटतं, सुटला. नाही सुटला. तोही दोषीच.

‘डिसमिस्ड ऑन प्रॉसिक्यूटर्स मोशन’ म्हणजे सरकारी वकिलानेच आरोप मागे घेतला.

‘डिसमिस्ड बट रीड इन’ हा खास इकडचा प्रकार. या आरोपात माणसाला दोषी ठरवलेलं नाही, पण दुसऱ्या आरोपात शिक्षा ठरवताना न्यायाधीशाने हाही विचारात घेतलेला आहे. नवखा माणूस नुसतं ‘डिसमिस्ड’ वाचून पुढे जातो, किंवा उलट, चार आरोप दिसले म्हणून चारही शाबीत धरतो. दोन्ही चूक.

‘सेन्टेन्स विथहेल्ड, प्रोबेशन’ म्हणजे शिक्षा सुनावणं राखून ठेवून देखरेखीवर सोडलं. दोषसिद्धी मात्र आहे.

निकालाच्या जागी काहीच नसेल तर खटला चालू आहे. चालू खटल्यावर कायद्याने माणूस निर्दोषच असतो आणि साइटही तुम्हाला ते ठळकपणे सांगते. शिवाय नोकरी देणाऱ्यांसाठी तिथे इशारा असतो: अटकेच्या किंवा शिक्षेच्या नोंदीवरून अर्जदाराला डावलणं राज्याच्या कायद्याचा भंग ठरू शकतं. कामाच्या स्वरूपाशी त्या गुन्ह्याचा ठोस संबंध असावा लागतो. दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा आणि शाळेची बस चालवायची नोकरी, हा संबंध सरळ आहे. तीच शिक्षा आणि दुकानात हिशेब लिहिणं, हा ओढूनताणून आणलेला.

दारूवरून आठवलं. विस्कॉन्सिनमध्ये दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलं तर तो फौजदारी गुन्हा नाही, दंड होतो आणि परवाना जातो. असं मानणारं अमेरिकेतलं हे एकमेव राज्य. त्यामुळे ती केस ‘टीआर’मध्ये सीटबेल्टच्या शेजारी बसलेली असते. गाडीत सोळा वर्षांखालचं मूल असेल तर मात्र पहिल्याच खेपेला गुन्हा होतो. म्हणून ‘टीआर’ चाळताना वर्णन तेवढं वाचा, विशेषतः जो तुमच्या मुलाला गाडीत घालून नेणार आहे त्याचं.

५. माणूस तोच आहे का?

कोल्हापुरात ‘पाटील’ शोधून बघा, म्हणजे इथल्या ‘जॉन्सन’ची कल्पना येईल. त्यात बाप-लेकाचं नाव एकच ठेवायची पद्धत. सीनियर, ज्युनियर आणि कधी कधी तिसराही एकाच रस्त्यावर राहत असतो. मधलं नाव, जन्मतारीख आणि पत्ता यांतल्या निदान दोन गोष्टी जुळल्याशिवाय नोंद त्या माणसाची मानू नका. माझ्या सातांतल्या तीन नोंदी दुसऱ्या बाईच्या निघाल्या त्या मधल्या आद्याक्षरावरून. आमच्या बाईंचं ‘एम’, त्या बाईचं ‘के’. पहिल्या रात्री ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं.

सरळ विचारणं हाही एक मार्ग आहे, हे मला फार उशिरा सुचलं. मी आडून आडून विषय काढला तर बाई हसल्या. म्हणाल्या, ‘‘बघितलंस ना सीकॅप? मीही तुमचं बघितलं.’’ आमच्या नावावर वेगाचा एक दंड होता.

६. कोर्टहाउसची फेरी

सीकॅपवर खटल्याचा सारांश आणि तारखा असतात, कागद नसतात. नेमकं काय घडलं ते हवं असेल तर काउंटीच्या मुख्य गावी क्लर्क ऑफ सर्किट कोर्टच्या खिडकीवर जावं लागतं. हा क्लर्क म्हणजे आपल्याकडचा लिपिक नव्हे. दर चार वर्षांनी निवडून येणारं हे पद आहे आणि कोर्टाचं सगळं दप्तर त्याच्या ताब्यात असतं.

मागायचे दोन कागद. पहिला ‘क्रिमिनल कंप्लेंट’. नाव तक्रारीचं असलं तरी हा असतो सरकारी वकिलाचा आरोपपत्रासारखा कागद. पोलिसांच्या माहितीवरून घटना कशी घडली ते त्यात सविस्तर असतं. दुसरा ‘जजमेंट ऑफ कन्व्हिक्शन’, म्हणजे दोषसिद्धीचा आणि शिक्षेचा. पहिला वाचताना दुसरा शेजारी ठेवा, कारण पहिल्यात आरोप करणाऱ्याचीच बाजू असते.

शुल्क कायद्यानेच ठरलेलं आहे: साध्या प्रतीला पानामागे १.२५ डॉलर, प्रमाणित करून हवी असेल तर वर ५ डॉलर. केस नंबर तुमच्याकडे नसेल आणि त्यांना नाव शोधावं लागलं तर त्या शोधाचेही ५ डॉलर. वहीत नंबर लिहून घ्या म्हटलं ते यासाठी. नुसतं वाचायला मात्र पैसे पडत नाहीत. फाइल मागा, बाकड्यावर बसा, वाचा, परत द्या.

लहान काउंटीत अख्ख्या कोर्टाला एकच न्यायाधीश असतो आणि खिडकीवर दोन-तीन माणसं. सुनावणीचा दिवस असला की तीच माणसं आत गुंतलेली. म्हणून निघण्याआधी फोन करा, चाळीस मैल गाडी हाकून बंद खिडकी बघायची वेळ यायला नको. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा बंदुकीचा मोसम सुरू होतो. तो आठवडा टाळलेला बरा, अर्धं गाव नारिंगी जाकिटं घालून जंगलात असतं.

आणि खिडकीवरच्या माणसाला ‘याचा अर्थ काय?’ असं विचारू नका. त्यांना कायदेशीर सल्ला द्यायची मनाई आहे. ‘हा कागद कुठे मिळेल?’ असं विचारलंत तर तीच माणसं जागेवरून उठून मदत करतात.

७. पोलिसांचा अहवाल वेगळा

कोर्टाची फाइल आणि पोलिसांचा अहवाल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गावाला स्वतःचं पोलीस खातं असेल तर तिथे, नसेल तर काउंटीच्या शेरीफकडे लेखी मागणी करायची. तारीख, ठिकाण आणि नावं जितकी नेमकी तितकं काम लवकर होतं. ‘अमुक माणसाबद्दल जे असेल ते सगळं द्या’ असं लिहिलंत तर शोधण्याचा खर्च वाढतो. तो ५० डॉलर किंवा त्याहून जास्त भरला तर ते तुमच्याकडून वसूल करू शकतात. मुलांची, पीडितांची नावं काळी करून मिळतात. तपास चालू असेल तर बहुधा नकारच येतो, तोही लेखी मागून घ्या.

८. सीकॅपवर जे नाही

सीकॅप कोरं निघालं म्हणजे माणूस कोरा, असं धरून चालू नका. दोषी दिसला म्हणजे सगळं दिसलं, असंही नाही.

गावपातळीवरची म्युनिसिपल कोर्टं सीकॅपबाहेर आहेत. पहिल्यांदा दारू पिऊन गाडी चालवल्याची केस तिथेही चालू शकते. अल्पवयीन मुलांच्या केसेस गोपनीय असतात, पण विस्कॉन्सिनमध्ये सतरा वर्षांचा मुलगा फौजदारी खटल्यात प्रौढच धरला जातो, म्हणून तो साइटवर दिसू शकतो. कोर्टाने पुसून टाकलेल्या केसेस नसतात. सगळे आरोप फेटाळले गेले किंवा निर्दोष सुटका झाली तर ती केसही दोन वर्षांनी साइटवरून उतरते, कोर्टातली फाइल मात्र राहते.

केंद्राच्या न्यायालयातले खटले ‘पेसर’ नावाच्या वेगळ्या साइटवर असतात. तिथे पानाला १० सेंट आणि एका कागदाला जास्तीत जास्त ३ डॉलर लागतात. तीन महिन्यांत एकूण ३० डॉलरपर्यंतच वापर झाला तर तेही माफ. विस्कॉन्सिनमध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन केंद्रीय जिल्हे आहेत, दोन्हीकडे बघा.

आता मेनॉमिनी. विस्कॉन्सिनमध्ये केंद्राची मान्यता असलेल्या अकरा मूलनिवासी जमाती आहेत. त्यातल्या दहांच्या भूमीवर फौजदारी अधिकार राज्याकडे आहे. मेनॉमिनी जमातीच्या बाबतीत राज्याने तो १९७६ मध्ये परत दिला. तिथे जमातीच्या सदस्यांवरचे खटले जमातीच्या किंवा केंद्राच्या न्यायालयात चालतात. मेनॉमिनी काउंटी म्हणजे जवळपास याच जमातीची भूमी, म्हणून ती काउंटी निवडून सीकॅपवर शोधलंत आणि फारसं काही आलं नाही तर ती साइटची चूक नव्हे.

तुरुंगात कोण आहे, कोण देखरेखीवर आहे ते राज्याच्या कारागृह विभागाच्या साइटवर दिसतं. लैंगिक गुन्ह्यांची नोंदवहीही त्यांचीच. ती फुकट आहे आणि लहान मुलं असतील तर राज्याबाहेरून आलेल्या माणसासाठी आधी तीच बघा.

राज्याच्या न्याय विभागाकडे शुल्क भरून नावावरून शोध करता येतो. त्यांची माहिती पोलिसांनी अटकेनंतर घेतलेल्या बोटांच्या ठशांवरून तयार होते. त्यामुळे खटलाच न झालेली अटक तिथे दिसू शकते आणि ठसे न घेता समन्सवर चाललेली केस तिथे नसूही शकते. दोन्ही याद्या तंतोतंत जुळतील ही अपेक्षाच ठेवू नका. खासगी एजन्सीकडून कामासाठी अहवाल मागवणार असाल तर आधी त्या माणसाची लेखी संमती घ्यावी लागते, हा केंद्राचा कायदा आहे.

९. स्वतःची नोंद काढताना

आपल्या लोकांसाठी ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी, आणि इथेच आपण सगळ्यांत जास्त गाफील असतो.

आधी नाव. आपल्या पासपोर्टांची तऱ्हा माहीत आहेच. ज्यांच्या पासपोर्टवर एकच नाव असतं त्यांच्या व्हिसावर ‘एफएनयू’ छापून येतं, म्हणजे ‘पहिलं नाव अज्ञात’. हायवेवरच्या पोलिसाने तेच तुमचं नाव समजून लिहिलं तर तुमची केस ‘एफएनयू’ या नावाने नोंदली गेली असेल. कधी वडिलांचं नाव आडनाव म्हणून पडतं, कधी नाव आणि आडनाव उलटं. स्वतःला शोधताना हे सगळे प्रकार टाकून बघा.

दुसरं, मुदत. कोर्टाची कागदपत्रं कायम ठेवत नाहीत. फेलनीची फाइल ५० वर्षं, जन्मठेपेच्या श्रेणीतली ७५, मिस्डिमीनरची २०. वाहतुकीच्या आणि इतर दंडाच्या केसेस मात्र फक्त ५ वर्षं. आता हिशेब करा. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग दहा-दहा वर्षांपेक्षा लांब. दंड झाला तेव्हाचा कागद अर्ज भरायच्या वेळी कोर्टात नसतोच. अर्जात मात्र ‘कधी अटक, कधी दंड’ हे विचारतात, आणि ‘कधी’ म्हणजे आयुष्यात कधीही.

नागरिकत्वाच्या अर्जाबरोबरच्या यादीत थोडी सूट आहे. प्रत्यक्ष अटक झाली नव्हती आणि दंड ५०० डॉलरपेक्षा कमी किंवा फक्त परवान्यावरचे गुण, तर वाहतुकीच्या प्रकरणाचे कागद जोडावे लागत नाहीत. पण दारू किंवा नशेचा संबंध असेल तर ही सूट नाही. म्हणजे विस्कॉन्सिनच्या कायद्याने जो गुन्हाच नाही त्याचेही कागद लागतात. ओळखीतल्या एकाने ‘इकडे तो गुन्हा धरत नाहीत’ म्हणून रकाना कोरा ठेवला होता. वकिलाच्या नजरेला पडलं म्हणून निभावलं. राज्याने पुसून टाकलेली केसही इमिग्रेशनच्या अर्जात सांगावी लागते. राज्याच्या कोर्टात ‘अटी पाळा, मग केस सोडून देऊ’ अशी तडजोड झाली असली तरी त्यात गुन्ह्याची कबुली दिली असेल तर इमिग्रेशनच्या कायद्यात ती दोषसिद्धी ठरू शकते. इथे मात्र लेख वाचून निर्णय घेऊ नका, इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. कबुली द्यायच्या आधी भेटलात तर फार बरं.

सीकॅपचा प्रिंटआउट तिथे चालत नाही. मी तोच जोडायला निघाले होते, छान रंगीत काढला होता. लागते ती क्लर्कच्या शिक्क्याची आणि सहीची निकालाची प्रमाणित प्रत. दंडाची केस निकाली निघाली की त्याच आठवड्यात दोन प्रती काढा, एक अर्जासाठी, एक घरी. फाइल आधीच नष्ट झाली असेल तर क्लर्ककडून ‘या नावाची नोंद आमच्याकडे आता नाही’ असं पत्र शिक्क्यासकट मागा. जुना दारूचा मामला असेल तर वाहतूक विभागाकडून परवान्याचा इतिहासही काढा, तिथे तो कोर्टाच्या फाइलपेक्षा खूप जास्त काळ राहतो.

गाव सोडून शिकागोला किंवा डॅलसला गेल्यावर हे सुचलं तरी टपालाने होतं. एका कागदावर पूर्ण नाव, जन्मतारीख, केस नंबर आणि ‘निकालाची प्रमाणित प्रत हवी’ एवढंच लिहा. किती पानं आहेत ते आधी फोनवर विचारा, म्हणजे चेक नेमक्या रकमेचा होईल. मी अंदाजाने दहाचा पाठवला होता, हवे होते ११.२५. सव्वा डॉलरसाठी पाकीट परत आलं. आत पिवळ्या चिठ्ठीवर, सुबक अक्षरात, पानांचा हिशेब करून ठेवलेला होता.